जकातीचा हिशेब: तारीख आधी, यादी मग, वाटप सगळ्यात शेवटी

रमजानचा शेवटचा अशरा (शेवटचे दहा दिवस) लागला की इंदुरात बॉम्बे बाजारात पाय ठेवायला जागा नसते, मशिदींच्या दाराशी मदरशांचे सफीर (वर्गणी गोळा करणारे) रसीदबुकं घेऊन बसलेले असतात, आणि सत्ताविसाव्या शबेला (रात्री) घरोघरी एकच प्रश्न निघतो: यंदा जकात किती द्यायची? कुणीतरी म्हणतं, गेल्या साली दहा हजार दिले होते, यंदा बारा देऊ. जकात म्हणजे साठलेल्या मालातून दरसाल काढायचा चाळिसावा हिस्सा, अडीच टक्के. पण पैसे वाटले जातात, हिशेब होतच नाही. देणारा मनापासून देतो, पण फर्ज (धार्मिक बंधन) अदा झालं की नाही हे त्यालाही ठाऊक नसतं.

मी दुकानांच्या वह्या लिहितो, मुफ्ती (धार्मिक निर्णय देणारा विद्वान) नाही. जिथे मसल्यात (धार्मिक नियमात) मतभेद आहे तिथे तसं लिहिलं आहे. तिथे आपल्या मस्लकाच्या (पंथमताच्या) मुफ्तींना विचारायचं. पण बहुतेक घोळ मसल्याचे नसतातच, क्रमाचे असतात. लोक वाटपापासून सुरुवात करतात आणि हिशेब मागाहून जुळवतात.

खालचे नियम हनफी मताने (सुन्नी कायद्याच्या एका परंपरेने; शाफई ही दुसरी) दिले आहेत, कारण इकडची बहुतेक सुन्नी घरं हनफी आहेत. कोकणातून इकडे आलेली किंवा कोकणात सोयरीक असलेली मराठी घरं बहुधा शाफई असतात. फरक मोठा आहे तिथे तो नोंदवला आहे. दाऊदी बोहरा जमातीची जकात त्यांच्या जमातीच्या व्यवस्थेतून जाते आणि जाफरी शिया घरांत खुम्सचा (पाचव्या हिश्श्याचा) हिशेब निराळा असतो. त्यांनी हा लेख धरून चालू नये.

१. जकात कोणावर, हे माणसागणिक ठरवा

जकात घरावर नसते, माणसावर असते. आकिल, बालिग (शहाणा, वयात आलेला) मुसलमान, ज्याच्या मालकीत निसाबभर (जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेएवढा) माल आहे आणि त्यावर चांद्र वर्ष गेलं आहे, त्याच्यावर ती फर्ज. म्हणून कागदावर आधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव लिहा आणि प्रत्येकाचा वेगळा रकाना करा. अब्बांचा वेगळा, अम्मींचा वेगळा, कमावत्या मुलाचा वेगळा, सुनेचा वेगळा. सगळ्यांचा माल एकत्र करून एकच रक्कम काढणं ही पहिली चूक.

यातला अवघड भाग सोन्याचा. लग्नात सासरकडून चढलेले दागिने कोणाचे? घरात हा विषय कुणी काढत नाही, कारण काढला की तोंडं फिरतात. सासूबाई म्हणतात सुनेचे, सून म्हणते मला तर कपाटाची किल्लीही माहीत नाही, आणि जकात दोघींपैकी कुणीच देत नाही. मालकी स्पष्ट करा आणि लिहून ठेवा. ज्याची मालकी, त्याची जकात. बायकोच्या सोन्याची जकात नवऱ्यावर फर्ज नाही. तिच्या परवानगीने त्याने दिली तर अदा होते. तिला न विचारता परस्पर दिली तर नाही. तिच्याकडे रोकड नसेल तर सोन्यातला एखादा नग मोडून द्यावी लागते. 'सोनं आहे पण पैसा नाही' हे कारण चालत नाही.

थांबा: मुलीच्या लग्नासाठी म्हणून सोनं घेतलं आणि 'हे तिचंच' म्हटलं, तर हनफी मताने नाबालिग मुलीच्या मालावर जकात नाही. शाफई मताने मात्र तिच्या मालातून वलीने (पालकाने) ती द्यायची असते. पण एकदा तिच्या नावे हिबा (बक्षीस) केलं की अडचणीत ते मोडून दुकानात घालता येत नाही. सोयीप्रमाणे कधी तिचं, कधी आपलं, असं धरणारी घरं मी खूप पाहतो. दोन्हीपैकी एक ठरवा.

२. आपली तारीख पक्की करा

रमजान हा जकातीचा महिना नाही. तो लोकांनी सवाबासाठी (पुण्यासाठी) निवडलेला महिना आहे. तुमची तारीख ती, ज्या चांद्र तारखेला तुमच्याकडे पहिल्यांदा निसाबभर माल आला. पुढच्या वर्षी तीच चांद्र तारीख आली आणि त्या दिवशी निसाब शिल्लक असेल, तर जकात फर्ज.

तारीख शोधायची कशी? बायकांच्या बाबतीत बहुधा निकाहाचा दिवस, कारण सोनं त्या दिवशी हाती आलेलं असतं. बऱ्याच निकाहनाम्यांवर हिजरी तारीख लिहिलेली असते; कागद काढून बघा. दुकानदारांनी भांडवल घातल्याचा दिवस आठवावा. नोकरदारांनी जुनं पासबुक चाळावं. काहीच आठवलं नाही तर जास्तीत जास्त खात्री वाटेल ती तारीख धरा, वहीत लिहा आणि पुन्हा बदलू नका.

चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. सियागंजातले व्यापारी ३१ मार्चला वह्या बंद करतात आणि त्याच ताळेबंदावर अडीच टक्के लावतात. त्यात दरसाल दहा-अकरा दिवसांची जकात सुटते. सौर वर्षच धरावं लागत असेल तर काही उलमा (धर्मपंडित) २.५७७ टक्के दर सांगतात. पण माझ्या मते अडचण दराची नाहीच. ताळेबंदात माल खरेदीच्या किमतीला असतो, जकातीला तो आजच्या किमतीला लागतो. ताळेबंद नुसता उचलून चालत नाही.

वर्षाच्या मध्ये काय झालं याची फार चिंता नको. हनफी मताने सुरुवातीला आणि शेवटी निसाब असला पाहिजे. मध्ये माल कमी झाला तरी वर्ष चालू राहतं, पूर्ण शून्य झाला तर मात्र तुटतं. शाफई मताने रोकड आणि सोनं वर्षभर निसाबाखाली जाता कामा नये. आणि 'हे पैसे तर दोनच महिन्यांपूर्वी आले, यावर वर्ष कुठे झालं?' हा आमच्याकडचा सगळ्यात लाडका गैरसमज. हनफी मताने मध्येच आलेला बोनस, भेट, विक्रीचा पैसा आधीच्या मालात मिसळतो आणि त्याच तारखेला मोजला जातो. प्रत्येक नोटेचं वर्ष वेगळं मोजायचं नसतं. तसंच, तारखेआधी खर्च झालेला पैसाही मोजायचा नसतो.

तपासा: मोबाइलमधलं हिजरी कॅलेंडर बऱ्याचदा सौदीच्या तारखेवर चालतं आणि इथल्या चांदापेक्षा एक दिवस पुढे असतं. तारीख इथल्या चांदाची धरा.

थांबा: तारीख मुहर्रमची आणि देता रमजानात, असं असेल तर तुम्ही दरसाल आठ महिने उशीर करता. उलटं करा. निसाब हातात असला की आगाऊ देता येतं. रमजानात पुढच्या मुहर्रमच्या खात्यावर द्या आणि तारीख आली की हिशेब करून उरलेलं भरा.

३. निसाब त्या दिवशीच्या भावाने काढा

सोन्याचा निसाब साडेसात तोळे, चांदीचा साडेबावन्न तोळे. इथे तोळा म्हणजे ११.६६४ ग्रॅम. म्हणजे सोनं ८७.४८ ग्रॅम आणि चांदी ६१२.३६ ग्रॅम. आता सराफ्यात जाऊन विचारा, दुकानदार दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. त्या बोलीतल्या तोळ्याने धरलं तर सोन्याचा निसाब ७५ ग्रॅमवर येतो आणि सगळाच हिशेब चुकतो. तोळा हा शब्दच सोडा, ग्रॅममध्ये लिहा.

कोणता निसाब कोणाला? फक्त सोनं आहे, चांदीचा एक तुकडा नाही, गरजेपलीकडे एक रुपया नाही, विकायचा माल नाही, तर सोन्याचा निसाब. पण सोन्यासोबत थोडीही रोकड किंवा चांदी असेल तर हनफी मताने सगळ्याची किंमत एकत्र करायची आणि ती ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीशी ताडून पाहायची. 'माझ्याकडे पाचच तोळे आहे, साडेसात कुठे?' असं म्हणणाऱ्या बहुतेक बायकांच्या पर्समध्ये, खात्यात किंवा पैंजणात उत्तर असतं. पाच तोळे सोनं आणि खात्यात काही हजार असले की चांदीचा निसाब केव्हाच ओलांडलेला असतो.

शाफई घरांत दोन फरक: सोनं आणि चांदी निसाबासाठी एकत्र करत नाहीत, आणि रूढीप्रमाणे वापरातल्या दागिन्यांवर मान्य मताने जकात नाही. रत्नागिरीची मुलगी इंदूरच्या हनफी घरात आली की पहिल्या रमजानात यावरूनच वाद होतो. तिने आपल्या मस्लकावर चालावं. सासरच्यांनी तिच्यावर हिशेब लादू नये.

४. यादी करा: हाच खरा दिवसभराचा उद्योग

तारखेच्या दिवशी वही घेऊन बसा. आठवणीतून लिहू नका; कपाट, गल्ला, गोदाम, पासबुक समोर ठेवून लिहा.

सोनं-चांदी. जमलं तर तारखेच्या एक-दोन दिवस आधी, दुपारी गर्दी नसताना सराफ्यात वजन करून घ्या. नुसतं वजन नको. खडे, मोती, लाख, मीना, दोरा वजा जाता निव्वळ सोनं किती, ते विचारा. हिरे, मोती, माणकं दागिन्यात असली तरी त्यांच्यावर जकात नाही, विक्रीचा माल असेल तरच. नगावर ९१६ असेल तर २२ कॅरेट, ७५० असेल तर १८ कॅरेट. प्रत्येकाचा भाव वेगळा लावा. मजुरी आणि जीएसटी धरू नका. मोडीला जाताना सराफ जी घट कापतो तिच्यावरून मतभेद आहे. ती न कापता पूर्ण भाव धरला तर शंका उरत नाही. चांदीची यादी करताना लोक पैंजण लिहितात आणि पेले, अत्तरदाणी, पानदान विसरतात.

रोकड. घरातली, दुकानातली, बँकेतली, पाकिटातली, मुदत ठेव, पोस्टातली ठेव. मुलीच्या लग्नासाठी वेगळे काढलेले पैसे, घरात हजसाठी साठवलेले पैसे, हे सगळं मोजायचं. हेतू कितीही चांगला असला तरी पैसा अजून तुमचाच आहे. बँकेचं व्याज मात्र तुमचा माल नाही. ते वेगळं काढा आणि सवाबाची नियत न करता गरजूला देऊन टाका. व्याजाच्या पैशातून जकात भरणं म्हणजे जकात न भरणंच.

बीसी. इंदूरच्या बाजारात बीसी (भिशी) नाही असा दुकानदार विरळाच. तुमचा नंबर अजून लागला नसेल तर आतापर्यंत भरलेले हप्ते हे तुमचं येणं, यादीत घ्या. नंबर लागून रक्कम हाती आली असेल तर उरलेले हप्ते हे तुमचं देणं, पुढे वजा करा. ही नोंद जवळजवळ कुणाच्याच हिशेबात सापडत नाही.

दुकानाचा माल. जो विकायला आहे तो सगळा, आजच्या बाजारभावाने. सेव-नमकीनचं दुकान घ्या. तयार सेव, बेसन, तेल, मसाले, मालाबरोबर गिऱ्हाइकाच्या हाती जाणारी पाकिटं, हे सगळं मोजायचं. भट्टी, कढया, सेवेचं मशीन, काटा, काउंटर, डिलिव्हरीची गाडी यांवर जकात नाही. पडून राहिलेला माल वगळू नका. तो ज्या भावाला आज जाईल त्या भावाने लिहा.

येणी. विकलेल्या मालाची उधारी आणि हातउसने दिलेले पैसे, जे परत मिळण्याची खात्री आहे, ते आजच मोजून टाकणं सोपं. नियमाने ती वसूल झाल्यावर दिली तरी चालते, पण मग मागच्या सगळ्या वर्षांची द्यावी लागते. बुडीत खाती सोडा. न मिळालेल्या मेहरवर (निकाहात ठरलेल्या, नवऱ्याने द्यायच्या रकमेवर) बायकोला जकात नाही. मेहर हाती आल्यापासून हिशेबात येतो.

प्लॉट. या शहरात पैसा आला की माणूस आधी प्लॉट घेतो, म्हणून इथे थोडं थांबतो. घेताना नियत काय होती यावर सगळं आहे. राहायला घर बांधायचं म्हणून घेतला, तर जकात नाही. विकायचाच म्हणून घेतला, तर दरसाल आजच्या पूर्ण किमतीवर जकात, खरेदीच्या किमतीवर नाही. 'बघू, पुढे काय ते ठरवू' अशी नियत असेल तर नाही. राहायला घेतलेला प्लॉट नंतर विकायचं मनात आलं, तरी प्रत्यक्ष विकेपर्यंत तो व्यापाराचा माल होत नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही, भाड्यातून जे शिल्लक राहिलं असेल ते रोकडीत येतं. डायरीवर घेतलेल्या, रजिस्ट्री न झालेल्या प्लॉटचा मसला गुंतागुंतीचा आहे. किती पैसे दिले, ताबा आहे का, पुढे डायरी विकायची आहे का, हे सगळं कागदावर लिहून मुफ्तींकडे न्या. तोंडी विचाराल तर तोंडीच उत्तर मिळेल.

शेअर भाव वाढल्यावर विकायला घेतले असतील तर पूर्ण बाजारभाव. पगारातून सक्तीने कापल्या जाणाऱ्या प्रॉव्हिडंट फंडावर, तो हाती येईपर्यंत जकात नाही, असं आपल्याकडच्या बऱ्याच हनफी मुफ्तींचं मत आहे. स्वखुशीने जास्तीचा भाग कापून घेत असाल तर तो मोजायचा. दुकानाच्या जागेसाठी दिलेल्या डिपॉझिटवर मतभेद आहेत, विचारून घ्या.

यादीत नको: राहतं घर, वापरातली गाडी, मोबाइल, भांडीकुंडी, शिलाई मशीन, भाड्याची रिक्षा, गोठ्यात चारा घालून पोसलेल्या दुधाच्या म्हशी. त्यांच्या कमाईतून जे उरलं ते रोकडीत आलेलंच आहे.

५. देणी वजा करा, पण हात आवरून

व्यापाऱ्याचं देणं, नोकरांचा थकलेला पगार, चढलेलं भाडं, आलेलं पण न भरलेलं वीजबिल, हातउसने घेतलेले पैसे हे वजा होतात. पुढच्या महिन्याचा किराणा, येणारी शाळेची फी, ईदची खरेदी वजा होत नाही, कारण ते देणं अजून झालेलं नाही.

घराच्या वीस वर्षांच्या कर्जाचं काय? संपूर्ण कर्ज वजा केलं तर चांगला पगारदारही कागदावर फकीर ठरतो आणि उलट जकात घ्यायला पात्र होतो. आजवर थकलेले हप्ते वजा करायला हरकत नाही. येत्या वर्षाचे हप्ते धरावे की नाही यावर मतं वेगळी आहेत. संपूर्ण कर्ज वजा करू नका. मुअज्जल (पुढे द्यायचा) मेहर, जो बायकोने मागितलेला नाही आणि नवरा आज द्यायच्या बेतातही नाही, तो सर्वसाधारणपणे वजा करत नाहीत.

६. चाळीसने भागा

टक्केवारीत गोंधळ होत असेल तर निव्वळ रकमेला ४० ने भागा, झालं. नमकीनवाल्याचं उदाहरण पूर्ण करू. भाव रोज हलतात, म्हणून हिशेबापुरती चांदी १०० रुपये ग्रॅम आणि २२ कॅरेट सोनं ९,००० रुपये ग्रॅम धरलं आहे. तुम्ही तुमच्या तारखेचा भाव लावा. या भावाने निसाब ६१,२३६ रुपये.

दुकानदाराची यादी:
रोकड: ४५,०००
बँकेत १,८०,०००, त्यातलं ६,००० व्याज वगळून: १,७४,०००
दुकानाचा माल: २,१०,०००
खात्रीची उधारी: ६०,०००
चांदी २०० ग्रॅम: २०,०००
एकूण: ५,०९,०००

देणी:
बेसन-तेलवाल्याचं: ८५,०००
थकलेले पगार: १८,०००
वीजबिल: ६,०००
एकूण: १,०९,०००

निव्वळ ४,००,०००. भागिले ४०. जकात १०,००० रुपये.

आता त्याच्या बायकोचा रकाना. निव्वळ ६० ग्रॅम २२ कॅरेट सोनं आणि खात्यात १५,०००. सोन्याचे ५,४०,०००, मिळून ५,५५,०००. भागिले ४०, म्हणजे १३,८७५ रुपये. दुकान नवऱ्याचं, दिवसभर कढईपुढे तो उभा, आणि जकात बायकोची जास्त. तिचं नावही आजवर हिशेबात नव्हतं.

तपासा: निसाबाच्या वरच्या भागावर नाही, तर निव्वळ रकमेच्या सगळ्यावर जकात आहे. इन्कम टॅक्सच्या स्लॅबची सवय असलेले ६१,२३६ वजा करून उरलेल्यावर काढतात. तसं नाही.

७. कोणाला द्यायची, हे नावानिशी ठरवा

कुरआनच्या सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. आपल्या व्यवहारात त्यातले मुख्यतः तीन येतात: फकीर (गरीब), मिस्कीन (अगदी निष्कांचन) आणि कर्जात बुडालेला माणूस.

ज्यांना देता येत नाही ते आधी पाठ करा. आईवडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, नवरा, बायको. शाफई मताने बायको गरीब नवऱ्याला देऊ शकते, हनफी मताने नाही. सय्यद घराण्यातल्यांनाही (पैगंबरांच्या वंशातल्यांनाही) नाही. बिगरमुस्लिम गरजूला जकात नाही, पण नफली सदका (ऐच्छिक दान) जरूर द्यावा. शेजारच्या मावशींच्या औषधाला पैसे देताना ते वेगळ्या खिशातून द्या. भाऊ, बहीण, काका, फुफी, मामू, खाला, त्यांची मुलं, सून, जावई हे गरजू असतील तर त्यांना देता येते, आणि नातं सांभाळल्याचा सवाब वेगळा. लोक नेमकं उलटं करतात: विधवा बहिणीला टाळून अनोळखी माणसाला देतात, कारण बहिणीला जकात दिली तर तिला वाईट वाटेल. तिला सांगायची गरजच नाही. मनात जकातीची नियत ठेवा आणि ईदी म्हणून द्या, जकात अदा होते.

गरजू कसा ओळखायचा? हातात स्मार्टफोन आहे किंवा स्वतःचं दोन खोल्यांचं घर आहे म्हणून माणूस बाद होत नाही. खजराना, चंदननगर, आझादनगरात स्वतःची रिक्षा असलेला पण मुलाच्या ऑपरेशनच्या कर्जात रुतलेला माणूस पात्र असू शकतो. कसोटी एवढीच: गरजेपलीकडच्या वस्तू आणि पैसे मिळून, कर्ज वजा जाता, त्याच्याकडे चांदीच्या निसाबाएवढं आहे का? पण इथे गरजेपलीकडची प्रत्येक वस्तू धरली जाते, नुसता सोनं-रोकड-माल नाही. ज्याच्या घरी न वापरलेलं सामान भरपूर आहे त्याच्यावर जकात नसेल, पण त्याला जकात घेताही येत नाही. शंका असेल तर सरळ विचारा, सांभाळून विचारा.

जकात आपल्या शहरात द्यावी हे उत्तम. गावाकडे, मग ते धुळे असो की जळगाव, गरजू नातेवाईक असतील तर तिकडे पाठवायला काही हरकत नाही.

८. द्यायची पद्धत: मालकी दिली तरच अदा

हनफी मताने तमलीक हवी, म्हणजे गरजूला त्या पैशाचा किंवा वस्तूचा मालक करायचं. ही एक अट लक्षात ठेवली की बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

मशिदीचा एसी, कब्रस्तानची भिंत, मोहल्ल्यातली बोरिंग, मय्यतीचं कफन यांत कोणी मालक होत नाही. जकात अदा होत नाही. इफ्तारचा दस्तरखान मांडून लोकांना जेवू घातलं, तरी ते बसून खातात, मालक होत नाहीत. अदा होत नाही. तेच जेवण डब्यात भरून गरजूच्या हाती दिलं तर होते. रेशनचं किट दिलं तर होते. आजाऱ्याचं बिल परस्पर दवाखान्यात भरण्यापेक्षा पैसे त्याच्या हाती द्या, किंवा त्याची परवानगी घेऊन त्याच्या वतीने भरा.

स्वतःच्या दुकानातला माल देता येतो, पण किंमत खरी लावा. गेल्या हंगामाचे न खपलेले सूट पूर्ण एमआरपीने जकातीत खपवणारे आहेत. टाकाऊ माल अल्लाहच्या वाटेत देऊ नका, असं सूरह बकराच्या २६७व्या आयतीत सरळ सांगितलं आहे. त्यावर अधिक काय लिहू?

नोकराला पगाराच्या किंवा ठरलेल्या बोनसच्या जागी जकात देता येत नाही. तो पात्र असेल तर पगाराव्यतिरिक्त द्या. 'तुझ्याकडचे माझे पाच हजार जकातीत माफ' असंही होत नाही. रस्ता आहे: त्याला आधी पाच हजार जकातीचे द्या, ते त्याचे झाले, मग आपली उसनवार परत मागा. एकाच माणसाला निसाबाएवढी रक्कम देणं मकरूह (नापसंत) आहे. त्याच्यावर कर्ज किंवा मोठं कुटुंब असेल तर गोष्ट वेगळी.

नियत पैसे देताना हवी किंवा जकातीचे पैसे वेगळे काढताना. वर्षभर येईल त्याला देत गेलो आणि शेवटी म्हटलं की ते सगळं जकातीत धरा, असं मागून होत नाही. एक वेगळं पाकीट ठेवा, बँकेतून पाठवता तर वेगळं खातं ठेवा. यूपीआयने पाठवताना टिपेत काही लिहिलं नाही तरी चालेल, मनात नियत हवी.

सफिरांच्या रसीदबुकात जकात, सदका (दान), फितरा (ईदआधीचं दान), इमदाद (मदत) असे मद (खाती) असतात. घाईत कुठल्याही मदावर खूण होते. जकातीचे पैसे जकातीच्याच मदात लिहून घ्या, कारण मदरशाने ते गरीब विद्यार्थ्यांवर खर्च करायचे असतात. इमारतीवर किंवा उस्तादांच्या पगारावर नाही. संस्था ही तुमची वकील, म्हणजे प्रतिनिधी, असते. तिच्या खात्यात पैसे पोहोचले म्हणजे काम झालं असं नाही, गरजूच्या हाती पडले की झालं. वाटप कधी करता, हे विचारायला संकोच नको.

थांबा: फितरा वेगळा, जकात वेगळी. फितऱ्याला वर्ष पुरं होण्याची अट नाही, तो ईदच्या नमाजआधी द्यायचा, आणि बाप आपल्या नाबालिग मुलांचाही देतो.

९. शेत असेल तर

देपालपूर, सांवेर, महूकडे ज्यांची जमीन आहे त्यांचा उश्र (पिकातला हिस्सा) जकातीत मिसळू नका. उश्रला वर्ष लागत नाही, पीक हाती येताच द्यायचा, आणि इमाम अबू हनीफांच्या मताने त्याला निसाबही नाही. पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, पाणी देऊन घेतलेल्या पिकाचा विसावा. पावसावरचं सोयाबीन ४० क्विंटल झालं तर ४ क्विंटल. ट्यूबवेलवरचा गहू ६० क्विंटल झाला तर ३ क्विंटल. बियाणं, खत, मजुरी आधी वजा करायची नसते. आपल्याकडच्या कुठल्या जमिनीवर उश्र लागतो यावर उलमांत मतभेद आहेत, म्हणून जमीन घराण्यात कशी आली ते सांगून विचारा. पीक विकून आलेला पैसा तारखेपर्यंत शिल्लक राहिला तर तो रोकडीत येईलच.

१०. राहिलेली वर्षं

तौबा (पश्चात्ताप) केली म्हणून मागची जकात माफ होत नाही, ती देणं म्हणून उभी असते. हिशेब जुन्या वर्षापासून पुढे करत या, प्रत्येक वर्षाची जकात वजा करून. सोन्याचा हिशेब ग्रॅममध्ये केला तर भावाचा घोळ राहत नाही. १०० ग्रॅम सोनं तीन वर्षं पडून होतं असं धरा. पहिल्या वर्षी २.५ ग्रॅम, उरले ९७.५. दुसऱ्या वर्षी २.४३७५ ग्रॅम, उरले ९५.०६२५. तिसऱ्या वर्षी सुमारे २.३७७ ग्रॅम. एकूण साधारण ७.३१ ग्रॅम. तेवढं सोनं द्या किंवा त्याची आजची किंमत. एकदम जमत नसेल तर हप्ते बांधा आणि दर हप्त्याला 'सगळ्यात जुन्या बाकी वर्षाची' अशी नियत करा.

ही बाकी वहीत लिहा, आणि वही कुठे आहे ते घरात एकाला तरी सांगून ठेवा. हनफी मताने वसीयत (मृत्यूनंतर द्यायची लेखी-तोंडी सूचना) नसेल तर वारसांवर मय्यतीच्या मालातून ती जकात देणं बंधनकारक नसतं. वसीयत असेल तर एक तृतीयांश मालापर्यंतच ती त्यातून निघते. शाफई मताने मात्र ती कर्जासारखी वाटणीआधीच निघते.